तानपुऱ्याच्या तबलीसाठी तूनचं लाकूड वाळवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाटण तालुक्यातल्या बांधावरचं तूनचं (काहीजण तुणी म्हणतात) झाड परवाना काढून डिसेंबरात तोडलं. बुंध्याचा सहा फूट लांब, दोन फूट व्यासाचा तुकडा सालीसकट अंगणात पडून आहे. त्यातून मिरजेच्या कारागिराकडून तानपुऱ्याची तबली (भोपळ्याच्या तोंडावर बसणारी पातळ लाकडी फळी) आणि दांडी करून घ्यायची आहे. चार महिन्यांत लाकूड तयार होईल का, कुपवाडच्या बाजूला एखाद्या भट्टीत वाळवून घेतलं तर चालेल का, आणि वाळलं हे टिचकीच्या आवाजावरून कसं ओळखायचं?

चार महिन्यांत होणार नाही. साधारण अकरा-बारा महिने धरा, म्हणजे पुढच्या डिसेंबरात तबली बसेल. भट्टीचं उत्तर ‘आत्ता नको’ असं आहे. टिचकीचा आवाज उपयोगाचा आहे, पण लोक ज्या पद्धतीने ऐकतात तसा नाही. मात्र या तिन्हींच्या आधी एक काम आहे आणि ते आजच करायला हवं: ओंडक्याची दोन्ही तोंडं बंद करा.

लाकडातलं पाणी बाजूंपेक्षा तोंडाकडून कितीतरी पटींनी लवकर बाहेर पडतं. तोंड सुकून आक्रसायला लागतं, आतला भाग ओला आणि फुगलेलाच राहतो, आणि मग तोंडावर चांदणीसारख्या चिरा पडतात. या चिरा दिसतात त्यापेक्षा आत खोल गेलेल्या असतात. सहा फुटांतून साडेतीन फुटांची दांडी आणि दोन फुटांची तबली काढायची म्हटलं की हातात जेमतेम सहा इंच उरतात, म्हणजे दोन्ही तोंडांना तीन-तीन इंच. तोंडाला वितळवलेलं मेण लावा, नाहीतर जुना ऑइल पेंट दोन-तीन हात जाड लावा. शेण-मातीचा लेप गावाकडे देतात, तो नसण्यापेक्षा बरा, पण वाळला की स्वतःच तडकतो आणि दर चार दिवसांनी परत द्यावा लागतो. आधीच चिरा पडल्या असतील तर इंचभर ताजा काप घेऊन मग मेण लावा. चिरलेल्या तोंडावर मेण लावलं तर चिरा फक्त झाकल्या जातात.

दुसरं, ओंडका असाच ठेवू नका. दोन फूट व्यासाचं खोड सालीसकट वाळत नाही, आतून खराब होतं. महिनाभरात, म्हणजे फेब्रुवारी संपायच्या आत, ते वखारीत नेऊन कापून घ्या. ‘हिवाळ्यात रस खाली उतरतो म्हणून तेव्हा तोडावं’ असं सांगतात. खोडातल्या पाण्यात ऋतूप्रमाणे पडणारा फरक फारसा नसतो. हिवाळ्यातल्या तोडीचा खरा फायदा वेगळा: हवा कोरडी पण थंड असते, त्यामुळे फळी सावकाश सुकायला लागते, बुरशी आणि कीड मंद असते आणि पावसाळ्यापर्यंत पाच-सहा महिने मिळतात. अमावास्येला तोडायचं असेल तर तोडा, त्याने बिघडत काहीच नाही.

आता कापायचं कसं. तबलीला तून का वापरतात हे कळलं की काप कसा घ्यायचा ते आपोआप कळतं. तबलीला हलकं पण लांबीच्या दिशेने ताठ लाकूड लागतं. लाकडातून ध्वनी धाग्याच्या (लाकडातल्या लांब रेषांच्या) दिशेने सेकंदाला साधारण ४,००० ते ५,००० मीटर जातो, आडवा मात्र त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याने. तूनचं वजन घनमीटरला ५०० किलोच्या आसपास, शिसवाचं ८००-८५०. ध्वनीचा वेग दोघांत फार वेगळा नसतो. पण वेगाला घनतेने भागलं की तबली हवेला किती जोराने हलवेल याचा अंदाज येतो, आणि त्यात तून शिसवाच्या दीडपटीच्या पुढे भरतं. म्हणून शिसवाची तबली कोणी करत नाही, शिसव खुंट्यांना आणि घोडीला (तारा जिच्यावर टेकतात तिला). हा ताठपणा मिळतो तो धागा फळीला समांतर असेल तरच. धागा तिरका निघाला तर फळी दिसायला तीच, पण ताठपणा झपाट्याने कमी होतो आणि वाळताना पीळही पडतो. ओंडक्याच्या तोंडाचा एक छोटा तुकडा पटाशीने उभा फोडून बघा. फुटलेली बाजू सरळ आली तर ठीक. पंख्याच्या पात्यासारखी वळली तर खोडात पीळ आहे, मग त्यातून दांडी काढू नका, तबलीपुरतं बघा.

वखारवाल्याला सांगा, पहिला काप खोडाच्या मधोमध. मधला मऊ ठिपका आणि त्याच्या आजूबाजूचा दीड इंच भाग कुठल्याच फळीत नको, तो असला की फळी तिथेच फुटते. वलयं फळीच्या जाडीत उभी दिसतील अशा फळ्या उत्तम. कारण लाकूड वलयांच्या दिशेने जितकं आक्रसतं त्याच्या साधारण निम्मंच ते मध्यापासून सालीच्या दिशेने आक्रसतं, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. अडचण अशी की दोन फुटांच्या खोडातून मधला भाग आणि कडेचं पांढरं लाकूड सोडलं तर उभ्या वलयांची फळी नऊ इंचांच्या पुढे मिळत नाही, आणि पुरुषी तानपुऱ्याच्या तबलीला सोळा-सतरा इंच रुंदी लागते. मग दोनच मार्ग: एकाच फळीचे दोन पापुद्रे पुस्तकासारखे उघडून मध्ये जोड द्यायचा, किंवा एकसंध आडव्या वलयांची रुंद फळी घ्यायची. जोडाला कमीपणा मानणारे पुष्कळ आहेत. पण नीट वाळलेल्या, उभ्या वलयांच्या दोन तुकड्यांची तबली अर्धवट वाळलेल्या एकसंध तबलीपेक्षा शंभर वेळा बरी. ओंडका मोठा आहे तर दोन्ही प्रकारच्या फळ्या काढून घ्या, कारागिराला निवडू द्या.

तबलीला फुगवटा द्यायचा असतो, म्हणून फळी दोन इंच जाड लागते आणि सगळं दुखणं त्या दोन इंचांतच आहे. जाडी दुप्पट झाली की वाळायचा वेळ दुप्पट होत नाही, तिपटीच्या पुढे जातो. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दोन इंच जाड अशी एक फळी धरा. पूर्ण सुकं लाकूड त्यात साधारण सहा किलो. ताज्या फळीत त्याच्या साठ टक्के पाणी असेल तर ती साडेनऊ किलोच्या पुढे भरते. तबली लावण्याजोगी होईल तेव्हा पावणेसात किलोच्या खाली यायला हवी. म्हणजे एका फळीतून जवळजवळ तीन लिटर पाणी जायचं आहे, तेही तिला न फोडता.

पाणी दोन टप्प्यांत जातं. पहिल्यांदा जातं ते पोकळ्यांतलं मोकळं पाणी. ते जाईपर्यंत लाकूड आक्रसत नाही, फक्त हलकं होतं. ओलावा २८-३० टक्क्यांच्या खाली उतरला की पेशींच्या भिंतीत मुरलेलं पाणी निघायला लागतं आणि आक्रसणं तिथून सुरू होतं. धोका असा की फळीचा पृष्ठभाग ही पायरी आठ-दहा दिवसांत ओलांडतो आणि आतला गाभा काही महिन्यांनी. बाहेरचा थर आक्रसायला बघतो, आतला त्याला आक्रसू देत नाही, आणि वर बारीक केसासारख्या चिरा पडतात. चिरा नाही पडल्या तरी बाहेरचा थर ताणलेल्या अवस्थेतच घट्ट होऊन बसतो. वरून फळी सुंदर दिसते, आणि वाकसाने (तासायच्या हत्याराने) तबलीचा पोटभाग कोरायला घेतला की हातातल्या हातात वाटीसारखी वळते. भर उन्हात किंवा एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या माळ्यावर टाकलेल्या फळ्यांचं नेमकं हेच होतं.

म्हणून पहिले दोन महिने घाई नको, पण हवा मात्र खेळती हवी. हवा कोंडली तर आठवडाभरात निळी-काळी बुरशी धरते. त्या डागाने आवाज बिघडत नाही, दिसायला वाईट. पण डागाच्या मागोमाग कुज येते, आणि कुजीने बिघडतो. थप्पी अशी लावा: जमिनीपासून फूट-दीड फूट उंच, खाली तीन पक्के, एका पातळीतले ओंडके. फळ्यांमध्ये एक इंची चौकोनी, कोरड्या लाकडाच्या पट्ट्या, फूट-सव्वा फुटावर एक. वरपासून खालपर्यंत सगळ्या पट्ट्या एकाच उभ्या रेषेत आल्याच पाहिजेत. पट्टी चार इंच सरकली तर फळी तिथेच नागमोडी वाकते आणि ते वाक नंतर निघत नाही. ओल्या पट्ट्या वापरल्या तर प्रत्येक पट्टीखाली काळा पट्टा उमटतो. वर सत्तर-ऐंशी किलोचे दगड. बाजूंनी सावली, पण भिंत नको.

या कामाला सांगली जिल्ह्यात एक आयती सोय आहे. तासगाव-कवठेमहांकाळकडची बेदाण्याची शेड. शेडनेटची सावली, सगळीकडून वारा, वर छप्पर; लाकडाला यापेक्षा जास्त काही लागत नाही. बेदाण्याचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल असतो, तेव्हा शेड मिळणार नाही. पण पावसाळा ओसरल्यापासून जानेवारीपर्यंत त्या रिकाम्याच असतात. तोवर घराची उत्तरेकडची ओसरी वापरा. वारा फार सुटला आणि केसासारख्या चिरा दिसायला लागल्या तर वाऱ्याच्या बाजूला गोणपाट टांगा. प्लॅस्टिकचा कागद गुंडाळू नका, आत घाम धरतो.

ओसरी मात्र शक्यतो पाटणची नको, मिरज-सांगलीकडची बघा. लाकूड ‘वाळलं’ असं कधी कायमचं होत नसतं. ते आजूबाजूच्या हवेशी जमवून घेतं. हवेतली आर्द्रता ४० टक्के राहिली तर लाकूड साडेसात टक्क्यांवर थांबतं, ५० ला नऊवर, ६५ ला बारावर, ८० ला सोळावर आणि ९० ला वीसवर. पाटणच्या कोयना खोऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवा आठवड्यामागून आठवडे नव्वदीत असते. तिथे मेपर्यंत केलेली सगळी मेहनत पावसाळा परत घेतो आणि वर बुरशी देतो. मिरजेकडे पाऊस त्या मानाने फारच कमी, मधे उघडीप मिळते. कापून झाल्यावर फळ्या मेच्या आत घाटापासून लांब, कृष्णेच्या बाजूला आणा. नदीकाठच्या सखल गोडाऊनमध्ये मात्र नको. २००५ आणि २०१९ चा पूर सांगलीकरांना वेगळा सांगायला नको. पुरात भिजलेलं लाकूड वाया जातंच असं नाही, परत थप्पी लावून सावकाश वाळवता येतं. पण भेगांत गेलेला गाळ रंध्याची धार एका दिवसात घालवतो.

कडेच्या पांढऱ्या लाकडाबद्दल एवढंच की ते ठेवू नका. त्यात पिष्ट असतं, त्याला बारीक भुंगेरे लागतात, आणि खाली पिठासारखा भुसा पडायला लागला की उशीर झालेला असतो. थोडं राहणारच असेल, उदाहरणार्थ दांडीच्या मागच्या बाजूला, तर ताज्या कापावरच बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सचं पाणी द्या: ५ लिटर गरम पाण्यात १०० ग्रॅम बोरिक आणि १५० ग्रॅम बोरॅक्स. वाळलेल्या लाकडात ते आत मुरत नाही. तबलीच्या फळीला काहीच लावू नका.

भट्टीकडे येतो. एमआयडीसीत पॅकिंगची खोकी करणाऱ्यांकडे ‘हीट ट्रीटमेंट’ असते, आणि खोक्यावर ‘एचटी’चा शिक्का बघून लोकांना वाटतं लाकूड वाळवलेलं आहे. तो शिक्का किडीसाठी असतो: लाकडाचा गाभा ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं ठेवायचा, एवढीच अट. त्यातून निघालेलं लाकूड आतून ओलंगच्च असू शकतं. खरी वाळवणीची भट्टी वेगळी, तिच्यात तापमानाबरोबर आर्द्रताही हातात असते. पण ती दारं-खिडक्यांच्या एक-दीड इंची फळ्यांसाठी लावलेली असते. तुमच्या चार फळ्यांसाठी कोणी वेगळा कार्यक्रम लावणार नाही. सागवानाच्या गाडीबरोबर दोन इंची ओलं तून आत गेलं तर बाहेर येताना ते वरून आठ टक्के आणि आतून वीस असतं. आधी हवेवर २० टक्क्यांपर्यंत आणलेली फळी ४५ अंशांच्या आत, आर्द्रता सांभाळून वाळवणारा कोणी असेल तर जरूर द्या. भट्टीच्या लाकडाला ‘जीव नसतो’ म्हणतात ते मला पटत नाही. जीव जातो तो घाईने.

आता तबलीच्या फळ्यांसाठी एक युक्ती. फेब्रुवारीत कापलेली दोन इंची फळी ऑक्टोबरपर्यंत थांबवून मग कोरण्यापेक्षा, मेअखेर तिचा ढोबळ फुगवटा वाकसाने काढून घ्या आणि पोटातून कोरून जाडी सगळीकडे १२ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. शेवटची जाडी चार-पाच मिलिमीटरच राहणार आहे, म्हणजे वाकलं-तिकलं तरी सरळ करायला माल शिल्लक राहतो. ताण मोकळा होतो, उरलेलं पाणी झपाट्याने जातं. कोरलेली तबली पालथी, तीन पट्ट्यांवर, वर हलकं वजन ठेवून सोडा. दांडीचंही तसंच: मागची बाजू नळीसारखी ढोबळ कोरून, भिंती अर्धा इंच ठेवून मग वाळवा. तबल्याचं खोड करणारेही लाकूड ओलं असतानाच आतून पोखरतात, कारण मधला भाग गेला की फुटायचं कारणच जातं.

आणि मग तिला पावसाळा बघू द्या. जूनमध्ये दहा टक्क्यांवर आलेली फळी ऑगस्टमध्ये चौदा-पंधरावर चढते, दिवाळीनंतर परत उतरते. हे नुकसान वाटतं, पण या चढ-उतारातच बाहेरच्या थरातला अडकलेला ताण सुटतो. भट्टीत शेवटी वाफ सोडून जे करतात तेच इथे आभाळ फुकट करतं, फक्त सावकाश. ताण उरला का हे बघायचं असेल तर वाया जाणाऱ्या टोकाकडून इंचभर रुंद आडवा काप घ्या, मधला भाग करवतीने काढून त्याला चिमट्यासारखे दोन पाय ठेवा आणि एक दिवस घरात ठेवा. पाय सरळ राहिले तर फळी निवांत आहे. आत वळून एकमेकांना टेकले तर अजून शेवटचं कोरायला घेऊ नका.

ओलावा मोजायला पिनांचं मीटर स्वस्त मिळतं, पण ते पिना जातात तेवढंच सांगतं, आणि त्यातलं प्रमाण बहुधा परदेशी लाकडांवर बसवलेलं असतं. उतरण कळायला चांगलं, आकड्यावर विसंबायला नाही. पक्का आकडा हवा तर एकदाच असं करा: फळीच्या मधल्या भागातून (टोकाकडून नाही, टोक नेहमी जास्त वाळलेलं असतं) छोटा तुकडा कापून लगेच वजन करा, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर. समजा ८६ ग्रॅम. ओव्हनमध्ये १०३ अंशांवर ठेवा, दर दोन तासांनी तोला, वजन उतरायचं थांबलं की संपलं. समजा ७४ वर थांबलं. गेलेलं पाणी १२ ग्रॅम, भागिले सुकं वजन ७४, म्हणजे १६.२ टक्के. भागाकार सुक्या वजनाने करायचा, ८६ ने भागलं तर आकडा खोटाच कमी येतो. हे कळलं की त्या दिवशीच्या अख्ख्या फळीच्या वजनावरून तिचं सुकं वजन निघतं, आणि पुढे नुसता काटा पुरतो. पेन्सिलने फळीवरच तारीख आणि वजन लिहीत चला. बुंध्याकडचं टोक कोणतं तेही लिहा, जोड देताना लागतं.

टिचकीचा आवाज. वेगवेगळ्या मापांच्या दोन फळ्या वाजवून ‘ही जास्त बोलते’ म्हणण्याला अर्थ नाही. लांबी-जाडी बदलली की सूर बदलणारच. त्याच खोडातून ४०० मिलिमीटर लांब, ५० रुंद, १० जाड अशी धाग्याला सरळ पट्टी काढा आणि तबलीच्या फळ्यांशेजारीच ठेवा. वाजवताना टोकापासून ९० मिलिमीटरवर दोन बोटांच्या चिमटीत हलकी धरा. या जागी पट्टी हलत नाही, म्हणून तिथे धरलं तर आवाज दबत नाही. मधोमध बोटाच्या पेराने टिचकी मारा आणि मोबाइलवरच्या ट्यूनरने सूर बघा. चांगल्या वाळलेल्या तूनच्या अशा पट्टीचा सूर २८९ हर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे पेटीवरच्या पांढरी दोनच्या जरा खाली, आला तर लाकडातला ध्वनीचा वेग ४,५०० मीटर निघतो. हिशेब असा: वारंवारिता गुणिले लांबीचा वर्ग, भागिले (१.०२८ गुणिले जाडी), मापं मीटरमध्ये. ओली असताना पट्टी बरीच खाली बोलते, कारण पाण्याने वजन वाढतं आणि ताठपणा घटतो. शिवाय आवाज ‘ठक्’ असा मिटतो. वाळत जाते तशी शेपटी लांबते. दर महिन्याला सूर आणि वजन दोन्ही लिहा. १० मिलिमीटरची पट्टी जाड फळीच्या कितीतरी आधी वाळते, हे विसरू नका; पट्टी लाकडाची जात सांगते, फळीची तयारी फळीचं वजनच सांगतं. जून झालेलं लाकूड हळूहळू ओलावा कमी शोषायला लागतं, म्हणून जुन्या वाड्याच्या तुळईला कारागीर जपतात. वाळवण्याने मात्र मुळात मंद असलेली फळी बोलकी होत नाही. पट्टीतला ध्वनीचा वेग ३,५०० मीटरच्या वर गेलाच नाही, तर त्या फळीतून दांडीची पट्टी काढा आणि तबलीला दुसरी घ्या.

तबली भोपळ्याला आणि गळ्याला कधी चिकटवायची हा शेवटचा आणि सगळ्यात महागात पडणारा निर्णय. ४०० मिलिमीटर रुंद तबली घ्या. जुलैत १५ टक्क्यांवर चिकटवली आणि मेमध्ये ७ वर उतरली, तर आडव्या वलयांची तबली जवळजवळ ८ मिलिमीटर आक्रसायला बघेल, उभ्या वलयांची साडेचार. कडा सरसाने पकडलेल्या, जायला जागा नाही, मग मधून उभी चीर. उलट मेच्या रखरखाटात सात टक्क्यांवर चिकटवली तर पावसाळ्यात फुगवटा वर येतो, घोडी उचलली जाते, आणि लावलेली जवारी (घोडीवर साधलेला तारेचा झंकार) जुलैत वेगळंच बोलते. नोव्हेंबर ते जानेवारी, लाकूड नऊ-दहा टक्क्यांवर असताना, हा मिरजेकडचा बरा काळ. जाड फळी हवेची आठवड्या-महिन्यांची सरासरी धरते, पण चार मिलिमीटरची तबली दोन-तीन दिवसांतच हवेमागे जाते, म्हणून चिकटवायच्या आधी आठवडाभर ती त्याच खोलीत ठेवा. तानपुरा दिल्लीच्या हिवाळ्यात किंवा हीटर लावलेल्या परदेशी घरात जाणार असेल तर आठ टक्क्यांवर आणा. प्लायवूडच्या खोक्यात साठ वॉटचा एक दिवा आणि आर्द्रतामापक ठेवून, पस्तीस अंशांच्या आसपास, आर्द्रता ४५ टक्के धरली की दोन टक्के सावकाश उतरतात.

भोपळ्याकडेही तेवढंच लक्ष हवं. मंगळवेढा-पंढरपूर भागातून येणारे भोपळे वाळलेलेच असतात, पण आकार देण्यासाठी त्यांना पाण्यात भिजवून, आतला गर खरवडून, तोंडात काठ्यांचा ताण देऊन परत वाळवतात. हे दुसरं वाळणं अर्धवट राहिलं आणि वर तबली बसली तर ओल आत कोंडते, बुरशी धरते आणि सरस आतून सुटतो. बाहेरच्या लाखेच्या पॉलिशने ओलावा थांबत नाही, फक्त मंदावतो. आतून तर तबली उघडीच असते. आत लाखेचा एक अगदी पातळ हात द्यावा असं माझं मत आहे, जाड थर मात्र कंपनं खातो.

खुंट्यांचं शिसव दांडीपेक्षा एक-दोन टक्के जास्त वाळलेलं घ्या. दांडीपेक्षा ओली खुंटी पुढे आक्रसते, भोकात सैल पडते आणि षड्ज धरत नाही. कोरडी खुंटी बसल्यावर किंचित फुगते, घट्ट राहते. हे तुकडे लहान असल्यामुळे आत्ताच कापून त्याच दिव्याच्या खोक्यात टाकता येतील, डिसेंबरपर्यंत थांबायचं कारण नाही.